आखूड बाह्या

माझ्या बहिणीच्या मुलीचे स्थळांना पाठवायला फोटो काढायचे होते आणि त्यात तिनं काय घालायचं हे ठरवायला मला देऊळगाव राजाहून लोणारला बोलावून घेतलं होतं. मी शिवणकाम करते. ब्लाउज, ड्रेस, परकर, शाळेचे गणवेश, येईल ते. नात्यात कुणाकडे लग्न निघालं की आधी मला फोन येतो आणि मग आचाऱ्याला. कुणाला कोणता रंग खुलतो आणि कोणता रंग धडधाकट माणसाला आजारी करून ठेवतो, हे मला समोरच्यानं दार उघडताच कळतं. कळलं की बोलल्याशिवाय राहवत नाही. त्यामुळे माझ्याशी अबोला धरलेल्या काही बायकाही नात्यात आहेत. पण त्यांचेसुद्धा ब्लाउज माझ्याकडेच येतात, दुसऱ्या कुणाच्या तरी हातून.

मे महिन्याचे दिवस होते. एसटीतून उतरले तर स्टँडवर चेहरे कमी आणि गुंडाळलेली डोकी जास्त. आमच्याकडे उन्हाळ्यात बाहेर पडणाऱ्या बाईचे फक्त डोळे दिसतात, बाकी सगळा स्कार्फ. पुरुषही डोक्याला दुपट्टा बांधून फिरतात. अशा दिवसांत उघड्यावर फोटो काढायची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला ऊन लागलं असणार, असं मी ऑटोत बसेपर्यंत ठरवून टाकलं होतं. माझा संशय फोटोवाल्यावर होता.

बहिणीनं माठातलं पाणी दिलं आणि मी गडवा खाली ठेवायच्या आत तिनं कपाट उघडलं.

"तिचीच जिद हाय," ती म्हणाली. "फोटो बाहीरच काढीन म्हनते. अन् आताच काढीन म्हनते, ह्या उनात. मी म्हनलं दिवाई होऊ दे, थंडी पडू दे. ऐकतच नाई. तू सांग तिले. तुहं ऐकते थे."

आता 'तिचं ते' सांगितलं पाहिजे. घरात आम्ही तसंच म्हणत आलो. भाचीच्या अंगावर कोड आहे. शाळेत असताना सुरू झालं आणि हळूहळू दोन्ही हात, मान, थोडी पाठ असं पसरत गेलं. चेहरा तेवढा राहिला. दुखत नाही, खुपत नाही, कुणाला लागत नाही. फक्त दिसतं. पण आमच्याकडे दिसणं हीच मोठी गोष्ट. बहिणीनं काय काय केलं नाही? जालन्याचे वैद्य झाले, संभाजीनगरचे डॉक्टर झाले, सोमवार झाले, गुरुवार झाले. कुणी सांगितलं बावचीचं तेल लावून कोवळ्या उन्हात बसवा. वर्षानुवर्षं ती पोर सकाळी गच्चीवर हात पसरून बसायची आणि तशीच शाळेत जायची. कधी फोड यायचे. तिनं तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

माझा वाटा बाह्यांचा. तिचे सगळे कपडे मीच शिवले. बाही मनगटाच्या पुढं बोटभर जाईल अशी, हात वर केला तरी सरकू नये म्हणून मनगटाशी बटण, गळ्याला पट्टी, आणि कापड असं की पारदर्शक नाही पण उन्हाळ्यात जीवही जाणार नाही. असं कापड शोधून काढणं सोपं नसतं. त्या बाह्या मी फार जीव लावून शिवल्या, आणि त्या चांगल्याच झाल्या होत्या. कॉलेजात तिच्या मैत्रिणींनी तशा बाह्यांची फॅशन समजून माझ्याकडून ड्रेस शिवून नेले होते, तेव्हा आम्ही दोघी खूप हसलो होतो.

पुढं ती शिकली आणि गावातल्याच एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला लागली. दिवसभर तिचं काम काय, तर समोर बसलेल्या माणसाला 'बाही वर घ्या' म्हणायचं. स्वतःच्या बाह्या मनगटापर्यंत बंद.

मागच्या हिवाळ्यात तिला एक स्थळ आलं होतं. मुलगा नोकरीवाला, घरची शेती, माणसं बोलायला गोड. बहिणीचं म्हणणं असं की आधी पसंती होऊ द्यावी आणि मग 'तिचं ते' सावकाश कानावर घालावं. मी शिवलेला मोरपंखी ड्रेस घालून, बोटांवरचे डाग मेंदीनं झाकून भाची चहा घेऊन आली. पाहुण्यांतल्या एका बाईनं तिला जवळ बसवून घेतलं. 'बांगडीचं माप पाहू दे माय' म्हणत तिचा हात हातात घेतला, मनगटाचं बटण काढलं आणि बाही कोपरापर्यंत सरकवली. कुणी तरी आधीच कान फुंकलेले असणार. बाई काही बोलली नाही. बाही परत खाली ओढली, बटणसुद्धा लावून दिलं, आणि चहा पिऊन मंडळी उठून गेली. तिनं ते बटण लावून दिलं, हे आठवलं की माझ्या अंगाची अजून लाही होते.

तेव्हापासून घरात लग्नाचा विषय निघाला नव्हता. आणि आता एकदम भाचीनंच काढला होता, तोही फोटोपासून.

ती कामावरून येईपर्यंत बहिणीनं पलंगावर दुकान मांडलं. तिच्या मनातला कपडा ठरलेला होता. गडद निळा, बंद गळ्याचा, लांब बाह्यांचा जॉर्जेटचा ड्रेस, त्यावर जड ओढणी. त्या दिवसांत तो नुसता हातात धरला तरी घाम फुटत होता. फोटोवाल्यानं फोनवर कळवलं होतं की अगदी पांढरं नको, उन्हात जळून जातं, बारीक चौकडीही नको आणि चमकीही नको. बहीण म्हणाली, "चमकी काढून टाकू, पन बाह्या ह्याच." मी म्हटलं, "ताई, पोरगी फोटोत हसन का भोवळ येऊन पडन?" त्यावर ती चिडली आणि मी तिच्यापेक्षा जास्त चिडले. आम्हा दोघींचं असंच आहे. एकीनं आवाज चढवला की दुसरीला तो पुरा पडत नाही.

भाची आली. स्कार्फ सोडला, हातपाय धुतले, पलंगाकडं बघितलं आणि माझ्याशेजारी येऊन बसली.

"मावशी, तुले आईनं सांगतलंच असन."

"सांगतलं. आता तू सांग. हिवाळा काऊन नोको?"

"कारन थंडीत डाग मंद होतेत," ती म्हणाली. "उन्हाळ्यात बाकीची चामडी रापते, मंग ते उठून दिसतेत. आत्ता सगळ्यात जास्त दिसून राह्यले. थंडीत काढला तं पाहनाऱ्याले वाटन, एवढंसंच तं हाय. मंग उन्हाळा आला का म्हनतीन, फसवलं. आमच्या लॅबमधी रिपोर्ट हाय तसाच द्या लागते."

"अन् कोनी आलंच नाई तं?" बहीण दारातून म्हणाली.

"नाई यायचं त्यानं येऊ नये, आई. पन जो येईन तो पाहून येईन. आता घरात येऊन कोनी माही बाही वर करनार नाई."

तिचा आवाज चढला नव्हता. माझ्या घराण्यातली बाई इतक्या हळू आवाजात इतकं बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. मग ती माझ्याकडं वळली.

"मावशी, मले असा रंग सांग, का ज्यात माहे हात नीट दिसतीन. डाग लपले बी नाई पायजे, अन् डागच डाग बी नाई दिसले पायजे. माहे हात दिसले पायजे."

  लोक माझ्याकडं येतात ते झाकायला. पोट झाकायचं, आखूड मान लांब दाखवायची, रुंद खांदे उतरवायचे. आमचा धंदाच तो. इतक्या वर्षांत कुणी येऊन म्हटलं नव्हतं की मी जशी आहे तशी नेमकी दिसेन असा रंग सांग. मी तिला म्हटलं, बाह्या वर कर, उजेडात ये.

तिनं बटणं काढली, दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत सारल्या आणि खिडकीशी हात पुढं करून उभी राहिली.

त्या हातांची मापं मी कितीदा घेतली होती याची गणती नाही. खांदा, दंड, कोपर, मनगट, सगळं तोंडपाठ होतं. पण माप घेताना माझी नजर टेपवर असायची. त्या दिवशी पहिल्यांदा हातात टेप नव्हता.  उजव्या कोपराखाली जिथं डाग सुरू होत होता, डाव्या कोपराखालीही तिथंच. इकडं त्याची कड जशी वळून मनगटाकडं गेली होती, तिकडंही तशीच वळली होती. बोटांच्या पेरांवर इथं जेवढं, तिथं तेवढंच. बाह्या कापताना आम्ही कापड दुमडून घेतो आणि एकदाच कात्री चालवतो, म्हणजे दोन्ही सारख्या निघतात. तसं होतं ते. कुणी तरी ही पोर मधोमध दुमडून, डोळे बारीक करून, एका हातानं कापली होती. कडा किती सुबक. माझ्या आयुष्यात मी इतकी साफ कड काढलेली नाही, आणि माझ्या हाताची तारीफ करणारे लोक लोणारपासून चिखलीपर्यंत आहेत.

"काय पाहून राह्यली वं मावशी?"

मी तिला दाखवलं. दोन्ही हात जवळ आणून, बोटानं कड फिरवत दाखवलं. तिनंही असं कधी बघितलं नव्हतं. उपचारांच्या नादात एका वेळी एकच डाग बघितला जात होता, वाढला की कमी झाला एवढंच. ती बराच वेळ हात उलटे-सुलटे करत राहिली. "अय माय," एवढंच म्हणाली. बहीण दारात होती. ती आत आली नाही, पण गेलीही नाही.

मग मी कामाला लागले. घरातली एकेक साडी, ओढणी, ब्लाउजपीस तिच्या हातावर टाकून खिडकीत बघायला लागले. पिस्ता रंगावर सगळा हातच फिका पडला. काळ्यावर डाग पुढं उडी मारून येत होते आणि हात मागं राहत होता. पिवळ्यानं ती स्वतःच पिवळी दिसायला लागली. लाल बरा होता, पण लाल म्हणजे लग्नच झालं की, मग फोटो कशाला? शेवटी माझी पिशवी उघडली. तिच्यात मी स्वतःसाठी घेतलेली सुती साडी होती. वांगी रंगाची, बारीक काठाची. त्याच आठवड्यात एका साखरपुड्याला नेसायची म्हणून आणली होती. तिच्या हातावर टाकली आणि मला माझं उत्तर मिळालं. सावळा भाग उबदार दिसायला लागला, पांढरा भाग शांत झाला, आणि दोन्ही मिळून एक हात दिसायला लागला.

खरं सांगते, एक क्षण मन मागं खेचलं गेलं. फार आवडीनं घेतली होती ती साडी. पण आपल्याकडं नवी साडी जिवाच्या माणसाला पहिल्यांदा नेसायला देतात, घडी मोडायला. मी म्हटलं, "घे, मोड घडी."

ब्लाउजचा प्रश्न उरला. माझा ब्लाउज तिला दोन्हीकडून मोठा. तिचाच एक सुती, साधारण त्याच रंगाचा सापडला, अर्थात मनगटापर्यंत बाह्यांचा, अर्थात मी शिवलेला. मी विचारलं, बिनबाह्यांचा करू का? ती म्हणाली, "नोको. मंग लोक बाह्याच पाहतीन." कोपराच्या वर चार बोटं असं ठरलं. बहिणीच्या घरी जुनी मशीन होती, तिला तेल घातलं. शिवण उसवत बसण्यापेक्षा सरळ कापणं बरं म्हणून मी टेबलावर ब्लाउज पसरला, खडूची रेघ ओढली आणि कात्री घेतली.

सुती कापडावर कात्री चालली की कर्र असा आवाज येतो. एक बाही कापून झाली तशी बहीण स्वयंपाकघरातून बाहेर आली. टेबलावर पडलेल्या बाहीकडं तिनं बघितलं.

"तुले पोरगी असती," ती म्हणाली, "तं तुह्या हातानं कापवल्या नसत्या."

मला दोन मुलगे आहेत. हे वाक्य कुठं लागतं ते तिला चांगलं ठाऊक होतं. मी कात्री आपटली. तोंडात आलेलं सगळं बोलणार होते, वैद्यांचं, सोमवारांचं, त्या गच्चीवरच्या उन्हाचं. पण तिच्याकडं बघितलं तर ती रागावलेली नव्हती, घाबरलेली होती. बाहेरच्या जगात पोरीला उघडं सोडायचं आणि जग काय करतं ते बघत बसायचं, याची भीती. माझा राग कुठल्या कुठं गेला. मी दुसरी बाही कापली, टीप मारली, आणि तिनं गुपचूप इस्त्री तापवून आणून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तळ्यावर गेलो. फोटोवाल्यानं कोवळ्या उन्हाची वेळ सांगितली होती, कारण नंतर ऊन डोक्यावर येतं आणि डोळ्यांखाली काळं पडतं. भाचीनं हातांना, मानेला डॉक्टरांनी दिलेलं मलम लावून घेतलं, तो पांढरा भाग लवकर भाजतो म्हणून. बहीण येणार नाही असं रात्रीपर्यंत म्हणत होती. सकाळी बघतो तर सगळ्यांच्या आधी चपला घालून उभी. खांद्यावर जास्तीची एक ओढणी. ती कशासाठी हे मी विचारलं नाही.

आभाळातून काही तरी येऊन आदळलं आणि हे तळं झालं, असं लहानपणापासून ऐकत आलो. कुठून कुठून लोक येतात, कड्यावर उभे राहतात आणि एकदम गप्प होतात. आम्हाला त्याचं कधी काही वाटलं नाही. आम्ही तिथं डबे नेऊन खाल्ले, पाहुण्यांना आणून दाखवलं, आणि परत जाताना ऊन किती झालं यावर बोललो. खाली झाडी वाळून करडी पडली होती, बहावा तेवढा पिवळा होता, आणि झाडीत मोर ओरडत होते.

फोटोवाला तिशीचा, कामसू माणूस. त्यानं कॅमेरा लावला, भाचीला कड्यापासून सुरक्षित अंतरावर उभं केलं आणि मग त्याचं तिच्या हातांकडं लक्ष गेलं. तो घुटमळला. "ताई, ओढनी घ्याची का? दोन्ही हातावरून अशी..." बहीण ओढणी घेऊन एक पाऊल पुढं झालीच होती. भाची म्हणाली, "नाई दादा. असाच काढा." बहीण जिथल्या तिथं थांबली.

फिरायला आलेली काही माणसं उभी राहून बघायला लागली. दोन बायका तर अगदी थांबूनच. लहानपणापासून ती अशा नजरांच्या आधीच हात मागं घ्यायची. मला वाटलं, आता घेईल. तिनं घेतले नाहीत. उलट डावा हात उचलून वाऱ्यानं उडणारे केस कानामागं सारले. नुसते केस सारले. सगळ्या बायका दिवसातून दहा वेळा सारतात. पण हात वर गेला की लोकांची नजर त्यावर जाईल म्हणून ही मुलगी इतकी वर्षं मान तिरपी करून खांद्यानं केस सारत आली होती, हे मला त्या क्षणी कळलं. समोरच्या कड्यावरून ऊन वर आलं आणि तिच्यावर पडलं. वांगी रंगाचा पदर, सावळे हात, त्यावर तो पांढरा भाग, आणि मागं ते एवढं मोठं तळं. लोक तिथं येऊन का गप्प होतात ते मला कळलं.  तळ्याकडं माझं लक्षही नव्हतं. इतकं देखणं माणूस मी आधी पाहिलेलं नव्हतं आणि हे माणूस मी टेपनं मोजत मोठं केलं होतं. डोळे पुसायला पदर घेतला तर शेजारी बहीण ती ओढणी छातीशी घट्ट धरून उभी होती आणि ऊन डोळ्यांवर आल्यासारखी खाली बघत होती.

बघत थांबलेल्या बायकांतली एक जाताना म्हणाली, "साडी लय शोभली बाई." मी 'माझी आहे' म्हणणार होते, पण नाही म्हटलं.

कुरड्या करायच्या होत्या म्हणून मी पुढं दोन-चार दिवस राहिले. एका दुपारी गच्चीवरून कुरड्यांचं ताट घेऊन खाली आले तर बहीण पलंगावर मोबाइल घेऊन बसली होती. भाची कामावर, भाऊजी दुकानात. फोटो आले होते.

मी मागून वाकून बघितलं. फोटो अप्रतिम होता. तळं होतं, पदर उडत होता, केस सारणारा तो हात होता. आणि त्या हातावर काही नव्हतं. बाहीच्या कडेपासून बोटांपर्यंत एकच सावळा रंग. मानही साफ. फोटोवाल्यानं कॉम्प्युटरवर सगळं पुसून काढलं होतं. भल्या मनानं. लग्नाच्या फोटोत सगळ्यांचंच काही ना काही तो पुसत असणार.

बहिणीनं बोटांनी फोटो मोठा केला. कोपर बघितलं. मनगट बघितलं. एकेक बोट बघितलं. तिचे डोळे भरून आले होते. इतकी वर्षं जिथं जिथं हात जोडले तिथं तिथं तिनं हेच मागितलं होतं. हेच, असंच. आणि ते आता तिच्या तळहातावर होतं. ती मोबाइल घेऊन उठली, आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

मी ताट धरून तशीच उभी. बायोडाटा तयार होता, फक्त फोटो जोडून वधू-वरांच्या ग्रुपवर पाठवायचा होता. ती तो पाठवणार, अशी माझी खात्री झाली. दार ढकलून आत जावं, मोबाइल हिसकावून घ्यावा असं वाटलं. पण मी कोण? सोमवार तिनं धरले होते. 

बऱ्याच वेळानं दार उघडलं. तिनं तोंड धुतलं होतं आणि डोक्याला स्कार्फ गुंडाळला होता.

"चाल," ती म्हणाली.

"ह्या उनात कुठं?"

"चाल म्हनते ना."

रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. फोटोवाला आपल्या स्टुडिओत पंख्याखाली डबा खाऊन हात पुसत होता. आम्हाला बघून उठला. "या काकू. पाह्यले का फोटो? मस्त आले ना? थे डाग-बीग मी सगळे काढून टाकले. सगळ्यायचेच काढून देतो."

"लय चांगला काढला भाऊ," बहीण म्हणाली. "पन हे माही पोरगी नोहे."

तो हसला, मग नीट हसता येईना त्याला. "तुमचीच तं हाय काकू."

"मंग तिचे हात कुठं हायेत?"

 त्यानं कॉम्प्युटर चालू केला आणि पहिला, न पुसलेला फोटो काढून समोर धरला. बहिणीनं स्कार्फ सोडला. पडद्याच्या अगदी जवळ गेली आणि बोट ठेवलं.

"हा कोपराचा पयला. सातवीत होती. मले चुना लागला वाटला, रडू येईलोक घासला म्या. हा मनगटाचा, बारावीचे पेपर चालू होते तवा आला. हा मानीवरचा, हिची आजी गेली त्या साली. हे बोटावरचे, नौकरी लागली त्या उन्हाळ्यात. पेढे वाटतानी मले दिसले."

मी ऐकत राहिले. माझी समजूत होती की ही बाई त्या डागांकडं बघतच नाही. कधी तोंडातून नाव काढलं नाही, कधी भरल्या नजरेनं बघितलं नाही, बाह्या ओढून घ्यायला सांगायची तेही दुसरीकडं बघत. आणि तिला एकेकाचा जन्म पाठ होता. माझ्याकडं फक्त मापं होती.

"हे सगळे म्या येतानी पाह्यले," ती फोटोवाल्याला म्हणाली. "अन् तुमी एका बैठकीत पुसले."

"मंग... हाय तसाच ठेवू, काकू?"

"हाव. यातला एक बी पुसू नका."

फोटो मोबाइलवर येईपर्यंत ती खुर्चीवर बसली नाही. आला तसा तिथंच पंख्याखाली उभ्या उभ्या तिनं तो बायोडाट्याला जोडला आणि पाठवून दिला. एकदाही बोट थांबलं नाही. मग लेकीला फोन लावला. पलीकडं लॅबमध्ये गर्दी असावी, पहिल्यांदा उचलला गेला नाही. तिनं पुन्हा लावला.

"तुहा फोटो आला वं," ती म्हणाली. "लय सुंदर दिसून राह्यली तू."